उरलेल्या फुलगोबीचा हिशेब : काटोल रोडवरील एका भाजी-व्यवहाराचे प्रकरण

नागपूरच्या काटोल रोडवरील एका फ्लॅट स्कीममधील साठ कुटुंबे आणि कळमेश्वर तालुक्यातील एका गावातले सहा शेतकरी यांच्यात तीन हंगाम चाललेल्या भाजीच्या व्यवहाराची ही नोंद आहे. व्यवहाराची वही पहिल्या दिवसापासून माझ्याकडे असल्यामुळे ही नोंद तटस्थ आहे असा दावा मला करता येणार नाही. मात्र ज्या ठिकाणी आमचा अंदाज चुकला, ती ठिकाणे वहीत खाडाखोडीसह शिल्लक आहेत आणि मुख्यतः त्यांच्याच आधारे पुढचे लिहिले आहे. स्कीमचे, गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

व्यवहाराची कल्पना सुचली ती नकाशामुळे. कळमेश्वर नागपूर शहराच्या वायव्येला आहे, तर बाजार समितीचे कळमन्याचे आवार शहराच्या पूर्वेला. त्यामुळे या गावची भाजी मध्यरात्रीनंतर मालवाहू गाडीत भरली जाते, आमच्या फाटकावरून पुढे जाते, सगळे शहर ओलांडून कळमन्याला पोहोचते, तिथे पहाटे तिचा हर्रास, म्हणजे लिलाव, होतो, ठोक घेणाऱ्याकडून ती चिल्लर विक्रेत्याकडे जाते आणि सकाळी नऊच्या सुमारास हातठेल्यावरून पुन्हा आमच्याच फाटकाशी येते. एवढ्या फेऱ्यात मेथीची जुडी कोमेजते आणि तिचा भाव मात्र दुपटी-तिपटीने चढतो. ज्या गाडीने भाजी कळमन्याला जाते, तिने वाटेत दहा मिनिटे थांबावे, एवढीच आमची सुरुवातीची मागणी होती. त्या दहा मिनिटांची किंमत काय असते, हे समजायला आम्हाला एक हिवाळा लागला.

कायद्याची अडचण नव्हती. महाराष्ट्रात शेतमालाचा घाऊक व्यापार 1963 च्या पणन कायद्याने बाजार समित्यांच्या चौकटीत आणला होता. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आवारातली अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजाराचे अभियानही सुरू झाले. असा बाजार आपल्या भागात भरवावा का, याचा विचार आम्ही केला होता. पण त्यासाठी मोकळी जागा, परवानग्या आणि दर आठवड्याला पुरेसे शेतकरी लागतात, आणि आमच्याकडे होते ते फक्त पार्किंग. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा शेतकऱ्याच्या शेतातल्या मालाला लागू होत नाही. वजनकाटा प्रमाणित केलेला असावा, एवढी काळजी घेणे पुरेसे होते.

पहिल्या हंगामाची पद्धत साधी होती. गुरुवारी रात्री शेतकऱ्यांकडून उपलब्ध भाज्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर यायची, शुक्रवारी दुपारपर्यंत प्रत्येक कुटुंबाने आपली मागणी नोंदवायची आणि शनिवारी सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये वाटप व्हायचे. भावावरून पहिल्या बैठकीत बरीच ओढाताण झाली. रहिवाशांना ठेल्यापेक्षा स्वस्त भाजी हवी होती आणि शेतकऱ्यांना ठेल्याचाच भाव हवा होता. दोघांच्याही मनात मधल्या माणसाचा सगळा नफा आपल्याच वाट्याला यावा, असे होते. शेवटी कळमन्याचा आदल्या दिवसाचा ठोक भाव आणि शहरातल्या गोकुळपेठ बाजारातला चिल्लर भाव यांचा मध्य काढायचा, असे ठरले. ठोक भाव दहा आणि चिल्लर तीस असेल तर आमचा भाव वीस. हा तोडगा इतका समतोल वाटला की भावाचा प्रश्न सुटला म्हणजे व्यवहाराचा प्रश्न सुटला, अशी आमची समजूत झाली.

यादीतल्या गमतीही नोंदवायला हव्यात. पुण्याहून बदलून आलेल्या एका कुटुंबाने सणासाठी ‘कोहळे’ मागवले आणि त्यांच्या हाती लाल भोपळा पडला, कारण विदर्भात कोहळे म्हणजे लाल भोपळाच. त्यांना हवे होते ते पांढरे फळ. ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर, हेही त्यांना त्याच आठवड्यात समजले. तेव्हापासून यादीत प्रत्येक भाजीचे छायाचित्र टाकले जाऊ लागले.

डिसेंबरमध्ये फुलगोबी आली आणि व्यवहार अडखळला. फुलगोबीचा गड्डा तयार झाला की तो वावरात फार दिवस धरून ठेवता येत नाही. काही दिवसांत फूल सुटते, पिवळे पडते आणि भाव अर्ध्यावर येतो. म्हणून ज्या दिवशी तोड ठरते, त्या दिवशी सगळा तयार माल तोडावाच लागतो. उलट घरात गोबी लागते ती एक गड्डा, फार तर दोन, आणि तीही दर आठवड्याला नव्हे. पहिल्या शनिवारी साठ कुटुंबांनी भरभरून मागणी नोंदवली. दुसऱ्या शनिवारी ती निम्म्यावर आली. तिसऱ्या शनिवारी वाटाणा आणि पालक सोडून कोणी काही मागवेना. त्या सकाळी उरलेल्या कॅरेटांकडे बघत गटातला सर्वांत वयस्कर शेतकरी म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही पाच किलो घेता, पन वावर पाच किलो देत नाही. ते देते तं सप्पाच देते.’ सप्पाच म्हणजे सगळेच.

हे वाक्य वहीच्या त्या पानावर लिहिलेले आहे, आणि त्याखाली त्या संध्याकाळी केलेला एक हिशेब आहे. आकडे समजण्यासाठी गोल केलेले आहेत, पण मांडणी खरी आहे. समजा, एका शेतकऱ्याकडे दोनशे किलो गोबी, म्हणजे वीस किलोची दहा कॅरेट आहेत. हा माल गावच्या सामायिक गाडीने कळमन्याला गेला आणि किलोला दहा रुपये मिळाले, तर दोन हजार होतात. कॅरेटमागे पंचवीस रुपये गाडीभाडे आणि पन्नास रुपये किरकोळ खर्च वजा केला की सतराशे रुपये हातात पडतात. आता त्याने आमच्याकडे यायचे ठरवले. सामायिक गाडी आमच्यासाठी थांबत नाही, कारण तिला हर्रासाची वेळ गाठायची असते. म्हणून स्वतंत्र गाडी करावी लागते, तिचे आठशे रुपये. आमच्याकडे ऐंशी किलो वीस रुपयांनी गेली, त्याचे सोळाशे झाले. राहिलेली एकशेवीस किलो घेऊन तो कळमन्याला पोहोचेपर्यंत साडेआठ-नऊ वाजतात. तोवर हर्रास आटोपलेला असतो आणि उरलेला माल पाच रुपयांनी टाकून यावे लागते, म्हणजे सहाशे रुपये. सोळाशे आणि सहाशे मिळून बावीसशे, त्यातून गाडीचे आठशे गेले की चौदाशे. म्हणजे दुप्पट भाव मिळूनही शेतकरी तीनशे रुपयांनी तोट्यात गेला.

याच आकड्यांवर बरोबरी कधी होते, तेही काढले. दोनशेपैकी शंभर किलो आमच्याकडे खपले तर दोन हजार आणि उरलेल्या शंभराचे पाचशे, त्यातून आठशे वजा करून सतराशे. म्हणजे निम्मा माल थेट विकला गेला तरच शेतकरी जिथल्या तिथे राहतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक किलोवर त्याला काही मिळते. साठ कुटुंबे हव्या त्या भाज्या हव्या तेवढ्या मागवत राहिली, तर निम्म्याची ही रेषा फक्त पहिल्या उत्साहाच्या आठवड्यात ओलांडली जाते. भाव ठरवताना आम्ही तासभर वाद घातला होता. उरलेला माल कोणाचा, हा प्रश्न मात्र कोणालाही सुचला नव्हता. बाजारात त्याचे उत्तर ठरलेले असते. अडत्याकडे गेलेला माल, चांगला असो की सुटलेला, काही ना काही भावाने त्याच सकाळी निकाली निघतो आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडते.

रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधील एका कार्यपत्रिकेत ग्राहक मोजतो त्या रुपयातील शेतकऱ्याचा वाटा टोमॅटोसाठी सुमारे 33 टक्के, कांद्यासाठी 36 आणि बटाट्यासाठी 37 टक्के असा काढलेला आहे. हे आकडे वाचून मधले दोन-तृतीयांश म्हणजे निव्वळ दलाली, असे समजण्याची चूक सहज होते. आम्हीही ती केली होती. त्या दोन-तृतीयांशात वाहतूक आहे, नासाडी आहे, उधारी आहे, आणि ज्या दिवशी कोणालाच माल नको त्या दिवशी तो उचलण्याची तयारीही आहे. मधला माणूस या कामांचे पैसे वाजवीपेक्षा जास्त घेतो का, हा वेगळा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे. परंतु तो काढून टाकला की ही कामे नाहीशी होत नाहीत. ती कोणाच्या तरी अंगावर येतात, आणि पहिल्या हंगामात ती सगळी शेतकऱ्यांच्या अंगावर आली होती.

दुसरी अडचण उचलीची होती. बियाणे, खत आणि मजुरी यांसाठी हंगामाच्या सुरुवातीला अडत्याकडून रक्कम उचलायची आणि माल त्याच्याच दुकानी घालून ती फेडायची, ही जुनी रीत आहे. सहापैकी चार शेतकऱ्यांनी अशी उचल घेतलेली होती, म्हणून त्यांचा पहिल्या प्रतीचा माल आधीच बांधलेला होता आणि आमच्याकडे येत होता तो नंतरचा. हे त्यांनी आम्हाला सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

संत्र्याची गोष्ट याच जातीची. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, काटोल-कळमेश्वर हा त्याचा पट्टा, आणि तरीही पहिल्या वर्षी आमच्या पिशवीत गटातल्या शेतकऱ्यांचे एकही संत्रे आले नाही. कारण बगीचाचा बहार, म्हणजे त्या हंगामाचे पीक, फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकण्याची या भागात पद्धत आहे. इसार घेऊन झालेला असतो आणि तोडणी, मजूर, गाडी हे सारे व्यापारी पाहतो. आंबिया बहाराची फळे नोव्हेंबर-डिसेंबरात पिकून शेतात दिसत होती, पण ती शेतकऱ्याची राहिलेली नव्हती. दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याने चाळीस झाडे सौद्यातून वगळून आमच्यासाठी राखून ठेवली. त्याला व्यापाऱ्याकडून काय ऐकावे लागले, ते त्याने हसत हसत सांगितले; पण पुढच्या सौद्यात व्यापाऱ्याने त्याची बाग सर्वांत शेवटी पाहिली.

विश्वासाला तडा गेला तो टोमॅटोवरून. उन्हाळा संपता संपता आमच्या भागातला टोमॅटो संपतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला नागपूरच्या बाजारात दिसतो तो बहुतेक नाशिक-संगमनेरकडचा किंवा दक्षिणेतून आलेला असतो. जूनअखेरीस यादीत टोमॅटो दिसला, लोकांनी मागवला, आणि वाटपाच्या वेळी एका आजींनी कॅरेटच्या तळाशी परगावच्या बाजाराची चिठ्ठी पाहिली. एका शेतकऱ्याने तो कळमन्यातूनच विकत आणला होता. त्याचे म्हणणे असे की, टोमॅटो नसेल तर लोक ठेल्यावर जातात आणि तिथेच बाकीचीही भाजी घेऊन येतात. ग्राहक टिकवायचा तर टोमॅटो ठेवावा लागतो. हे म्हणणे खोटे नव्हते. तरीही आमच्या साऱ्या व्यवहाराचा आधार ‘हा माल याच वावरातला’ या एका वाक्यावर होता, आणि ते वाक्य त्या सकाळी मोडले. नऊ कुटुंबांनी त्याच आठवड्यात नाव काढून घेतले. दंड करावा, गटातून काढावे अशा सूचना आल्या. त्याऐवजी यादीत दोन स्तंभ करायचे ठरले, एक स्वतःच्या शेतातल्या मालाचा आणि दुसरा बाजारातून आणलेल्या मालाचा, आणि दुसऱ्या स्तंभातल्या भाजीवर किलोमागे दोन रुपयांहून अधिक चढवायचे नाहीत. शिक्षेपेक्षा हा मार्ग बरा होता असे मला वाटते, कारण शेतकऱ्याच्या अडचणीला त्यात उजळ माथ्याने जागा मिळाली. सर्वांना तो पटला असे मात्र नाही.

दुसऱ्या हंगामाची रचना उरलेल्या मालापासून उलट्या दिशेने केली. मागणी नोंदवण्याची पद्धत बंद झाली आणि तिच्या जागी आठवड्याची ठरावीक पिशवी आली. पाच किलो भाजी आणि दोन पालेभाज्यांच्या जुड्या, महिन्याचे पैसे आगाऊ, आणि पिशवीत काय असेल ते शेत ठरवणार. साहजिकच लोक गळाले आणि कुटुंबे साठावरून एकतीसवर आली. पण याच रस्त्यावरच्या आणखी दोन फ्लॅट स्कीम जोडल्यावर पिशव्यांची संख्या ऐंशीच्या पुढे गेली आणि एकाच गाडीत ती वाटता येऊ लागली. दुसऱ्या बाजूने शेतकऱ्यांनी लागवडीचे टप्पे पाडले. सहाही जणांनी एकाच आठवड्यात गोबीचे रोप लावण्याऐवजी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावले आणि एकाने गोबी सोडून वाल, बरबटी आणि ढेमसे घेतले. तरीही जानेवारीत सलग चार आठवडे पिशवीत गोबी होतीच. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप गटावर जे विनोद झाले ते इथे देण्यासारखे नाहीत, मात्र त्याच महिन्यात तीन घरांच्या गच्चीवर गोबी वाळत घातलेली दिसली.

सगळ्यात उपयोगी बदल बैठकीत ठरवून झालेला नाही. आमच्या फाटकाशी गेली बारा वर्षे ठेला लावणाऱ्या भाजीवाल्या मावशींचे गिऱ्हाईक शनिवारी घटू लागले होते आणि त्यांनी तसे स्पष्ट बोलूनही दाखवले होते. पहिल्या वर्षी आम्ही ते ऐकून घेतले आणि सोडून दिले, याची मला आजही खंत आहे. दुसऱ्या वर्षी वाटपाला माणूस मिळेना. रहिवाशांचा स्वयंसेवेचा उत्साह आठ शनिवार टिकला. तेव्हा मावशींनाच विचारले. पिशवीमागे दहा रुपये घेऊन त्या माल निवडतात, तोलतात, सुटलेला गड्डा बाजूला काढतात. आणि पिशव्या भरून जे उरते ते त्या ठोक भावाने विकत घेऊन त्याच ठेल्यावर विकतात. शेतकऱ्याला नऊ वाजता कळमन्याला धावावे लागत नाही. वरच्या हिशेबातला पाच रुपयांचा माल आता आठ-नऊ रुपयांना जातो आणि गाडीही आमच्या फाटकावरूनच परत फिरते. थोडक्यात, जो मधला माणूस काढायला आम्ही निघालो होतो, तो ठरलेल्या मोबदल्यावर आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत परत आणला.

उन्हाळ्याबद्दल थोडे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो आणि सकाळी तोडलेला पालक दहापर्यंत वजनाने हलका होतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आम्ही गावात बांधला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरच्या फटीत वाळू, ती सतत ओली ठेवायची, वर वाळ्याचे झाकण. घरच्या कूलरचेच हे तत्त्व आहे. म्हणूनच एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालला आणि जूनच्या अखेरीस, जेव्हा घराघरातले कूलर नुसते दमट वारे फेकतात, तेव्हा त्याचाही उपयोग संपला. शुक्रवारी संध्याकाळी तोडलेली भाजी शनिवारी सकाळपर्यंत टिकवण्याएवढाच त्याचा हेतू होता आणि तेवढ्यासाठी तो पुरतो.

तिसऱ्या हंगामात उचलीचा प्रश्न पुन्हा वर आला, यावेळी उलट बाजूने. शेतकऱ्यांचा प्रस्ताव असा होता की, अडत्याची उचल सोडवायची असेल तर कुटुंबांनी महिन्याऐवजी चार महिन्यांचे पैसे ऑक्टोबरमध्येच द्यावेत. छप्पन्न पिशव्यांचे पैसे तसे जमा झाले आणि चारपैकी तीन शेतकरी उचलीतून मोकळे झाले. फेब्रुवारीत गारपीट झाली. दोन शेतकऱ्यांचा भाजीपाला झोपला आणि पुढच्या पाच शनिवारी पिशवी पाचाऐवजी जेमतेम तीन किलोंची भरली. अडत्याची उचल असती तर ती पुढच्या हंगामावर गेली असती, कदाचित अधिक कडक अटींवर, पण गेली असती. आमच्याकडे तशी तरतूद लिहिलेली नव्हती. काही कुटुंबांनी कमी आलेल्या दोन किलोंचे पैसे परत मागितले, काहींनी सोडून दिले, आणि एका गृहस्थांनी, आपण भाजी घेतली आहे, शेती घेतलेली नाही, असे लिहून कळवले. त्यांचा मुद्दा चुकीचा म्हणता येत नाही.

सध्याची तडजोड अशी आहे की, कमी आलेल्या मालाचा निम्मा भार शेतकऱ्याने पुढच्या हंगामात जास्तीचा माल देऊन फेडायचा आणि निम्मा कुटुंबांनी सोसायचा. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी महिन्याच्या पैशांवरच राहायचे, मात्र त्यांची पिशवी चाळीस रुपयांनी महाग असेल. छप्पन्नपैकी अडतीस कुटुंबांनी पहिला पर्याय घेतला आहे. अकरा महिन्यावर गेली, सात बाहेर पडली. अडतीस कुटुंबांच्या आगाऊ रकमेत तीन शेतकऱ्यांची उचल भागत नाही, दोघांचीच भागते. तिसरा शेतकरी येत्या ऑक्टोबरमध्ये कोणाच्या दारी जाणार, हे अजून ठरायचे आहे, आणि त्यासाठी रविवारी मावशींसह सगळ्यांची बैठक पार्किंगमध्येच ठेवली आहे.